सतरा मतं

सुब्बराव : पावणेपाच झाले वहिनी. सहाला शाळेचं फाटक बंद. एकदा बंद झालं की ब्रह्मदेव आला तरी उघडत नाहीत.

गोदावरीबाई : मग ब्रह्मदेवाला लवकर जायला सांग. ऋचा, तो कावळा हाकल गं पोरी. वाळत घातलेले संडिगे नेतोय.

ऋचा : हुश्श! गेला. आजी, ऐका ना. गाडी दारात लावलीय, एसी चालू केलाय. चार मिनिटांत शाळा. आणि तिथे चाकाची खुर्ची आहे, सकाळी मी माझं मत द्यायला गेले तेव्हा बघून ठेवलीय.

गोदावरीबाई : तू दिलंस ना? मग आयतु, झालं. वरच्या मजल्यानं दिलं, खालच्या मजल्याचं राहू दे.

ऋचा : वरचा मजला भाडेकरू आहे, आजी. पुण्याहून येऊन मला तीन वर्षं झाली. इथला आमदार कोण, तेसुद्धा मला गेल्या महिन्यात कळलं. तरी मी सकाळी सातला रांगेत होते. आणि जिची सख्खी नात उभी आहे, ती आजी अंगणात कावळे हाकत बसलीय!

गोदावरीबाई : नात पहाटे पाया पडून गेली. आशीर्वाद पोटभर दिला. मत मागू नको म्हटलं, तिनं मागितलं नाही. रक्षिताला कळतं. तुम्हा दोघांना कळत नाही.

सुब्बराव : हौदु, हो, आम्ही दोघं खुळे. गल्लीतला आंधळा पद्मनाभ काठी टेकत जाऊन आला. त्या कोपऱ्यावरच्या सिंधूनं बाळंतपणाचे दिवस मोजत मोजत ओट दिला. आणि दिगंबर रंगाऱ्याची बायको बसलीय संडिगे राखत. लोक काय म्हणतील?

गोदावरीबाई : लोक सात निवडणुका काही म्हणाले नाहीत. आठवीला काय म्हणणार?

ऋचा : थांबा, रक्षिताचा मेसेज. ‘आजी गेली का?’ आजी, तिच्या बूथवरची माणसं म्हणतायत, फार घासून आहे. शे-दोनशे मतांवर लागेल.

गोदावरीबाई : केरेमाळ मतदारसंघात घासून लागणं नवं नाही. विचार तुझ्या काकाला. त्याला सगळा इतिहास पाठ आहे. सांग रे सुब्बा, ते गौडा भावांचं.

सुब्बराव : आता? आता कसला इतिहास? घड्याळ बघा वहिनी.

गोदावरीबाई : सांग की. ही पोरगी इथली मतदार झाली, तिला कळायला नको कुठं मत टाकलं?

सुब्बराव : ते खरं. हे बघ ऋचा, हे सगळे लेआउट दिसतात ना तुला, तीस बाय चाळीसचे, ते तेव्हा नव्हते. नाचणी, ऊस आणि म्हशी. म्हैसूरच्या आत, चामराजपुरममध्ये वगैरे राहणारे लोक केरेमाळ म्हटलं की नाक मुरडायचे. आमचे पूर्वज इथं आले ते तळ्यासाठी. रंगाऱ्याला पाणी लागतं, कापड धुवायला. निवडणूक आली की गौडा उभा राहायचा आणि गौडाच निवडून यायचा. एकदा थोरला, एकदा धाकटा. एकदा तर दोघं भाऊ समोरासमोर! आई बिचारी म्हणाली, मी मधल्या वाड्यात राहते, कुणाला ओट दिला विचारू नका.

ऋचा : कमाल आहे!

सुब्बराव : आणि झेंडे सगळ्यांचे आम्हीच रंगवायचो. सकाळी ह्याचे, संध्याकाळी त्याचे. हंडा तोच, रंग तेवढा बदलायचा. अठ्ठ्याहत्तरला एका पक्षाचं वारं आलं. त्या वाऱ्यावर असा एक माणूस निवडून आला की त्याचं तोंड आम्ही पाच वर्षांत दोनदा बघितलं. एकदा ओट मागताना आणि एकदा पुन्हा ओट मागताना. मग चौऱ्याण्णवला लेआउटवाले आले. शेतं गेली, प्लॉटांच्या साइटी आल्या. मग दोन हजार आठला...

ऋचा : काका, पाच वाजले. आजी, तुम्ही काकांना मुद्दाम बोलतं करताय ना?

गोदावरीबाई : त्याला मुद्दाम करावं लागत नाही.

सुब्बराव : अय्यो! बघ, बघ कशा आहेत त्या. मला दोरी सोडली आणि मी भोवऱ्यासारखा फिरत बसलो. वहिनी, उठा. तुमची स्लिप माझ्या खिशात आहे. अनुक्रमांक चारशे अकरा, खोली नंबर दोन.

ऋचा : पण काका, अठ्ठ्याहत्तरवरून तुम्ही एकदम चौऱ्याण्णवला गेलात. मधलं पंच्याऐंशी राहिलं. रक्षिता प्रत्येक भाषणात सांगते ना? ‘माझे आजोबा ह्याच मतदारसंघात सतरा मतांनी हरले.’

सुब्बराव : ते राहू दे.

गोदावरीबाई : का राहू दे? ते मी सांगते. बस खाली, पोरी. नाहीतरी तुला कळायला हवं मी का जात नाही, म्हणजे तुझी गाडी तरी बंद करशील. हे उभे राहिले अपक्ष. चिन्ह बादली. रंगाऱ्याला बादली, लोक हसले. पण हसता हसता मागं आले. गल्ली आली, तळ्यापलीकडची गावं आली, शेवटी शेवटी गौडाची माणसंसुद्धा रात्री येऊन कानात सांगून गेली. मतदान मंगळवारी. ह्यांना एकच काळजी. आपली माणसं रंगात हात घालणारी. बोटं कायमची काळीनिळी. ओट द्यायला गेली आणि आत बसलेल्यानं बोट बघून म्हटलं की तुझ्या बोटाला शाई आहे, तू देऊन गेलास, तर?

ऋचा : बाप रे. हे माझ्या डोक्यातच आलं नसतं.

गोदावरीबाई : ह्यांच्या आलं. दहा दिवस आधीच त्यांनी सगळ्यांना हात खडखडीत स्वच्छ ठेवायला सांगितलं. घराघरांतून लिंबं, चिंच, ब्लीचिंग पावडर. सगळ्यांची बोटं गोरीपान झाली. उरली रंगाची मोठी भट्टी, ती आपली, आणि ती बघायचा हा. म्हणून रविवारी फाटकातून प्रचाराला बाहेर पडताना हे मला म्हणाले, गोदा, सुब्बाला निरोप दे, मंगळवार संपेपर्यंत भट्टी पेटवायची नाही.

सुब्बराव : वहिनी, पाच दहा झाले.

गोदावरीबाई : होऊ देत. आणि मी विसरले.

ऋचा : विसरलात?

गोदावरीबाई : सत्तर माणसांचा भात चुलीवर. धाकटी तारा तापानं फणफणलेली, कडेवर. पोरगा सुदीप कुठं झेंडे घेऊन उधळलेला. हा मागच्या दारानं आला तेवढं आठवतंय. ह्याचं तोंड सुकलेलं होतं, तेही आठवतंय. निरोप सांगितल्याचं आठवत नाही. कितीदा डोकं खाजवलं, नाही आठवत. सोमवारी ह्यानं भट्टी पेटवली. नंजनगूडच्या रथाचं कापड होतं, काळंनिळं. मालकच बोलावतोय म्हटल्यावर गल्लीतली तेवीस माणसं ओल्या कापडावर. मंगळवारी रांगेत तेवीस बोटं काळी. आत अधिकारी होते हयग्रीव मेष्ट्रु, शाळेतले मास्तर. माणूस सज्जन, देवमाणूस. पण नियम म्हणजे नियम. सगळ्यांना परत पाठवलं. काही घरी पळाले, कातडं सोलेस्तोवर घासलं. चौघांना आत घेतलं. एकोणीस बाहेर. आणि हे हरले सतरांनी.

ऋचा : आजी...

गोदावरीबाई : ती शाई आपल्या म्हैसूरचीच, पोरी. इथं बनते, देशभर जाते. आणि तिच्याच गावात आमचे एकोणीस लोक बोटं काळी म्हणून परत आले. हे मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. पण त्यानंतर सोळा वर्षं जगले, आणि सोळा वर्षांत मला एकसुद्धा निरोप सांगितला नाही. किल्ली कुठं ठेवली ते पोराला सांगायचे. उद्या गावाला जातोय, ते शेजाऱ्यांना सांगायचे. मी समोर उभी असायची.

ऋचा : म्हणून तुम्ही मत देत नाही?

गोदावरीबाई : जिला घरातल्या घरात एक निरोप पोचवता आला नाही, तिनं राज्य कुणाचं यावं हे सांगायचं? बेडा. नको मला ते.

सुब्बराव : वहिनी, तसं नाही हो. नका असं बोलू.

गोदावरीबाई : तू मध्ये पडू नकोस. तुझंच तर नवल वाटतं मला. दोन हजार आठला मतदारसंघाची रेघ बदलली, आपल्या गल्लीच्या मधून गेली. ह्या बाजूला खोकलं तर त्या मतदारसंघात ऐकू जातं. माझं नाव जुन्या भट्टीच्या पत्त्यावर, समोरच्या बाजूला. गेलं तिकडं. म्हटलं, सुटले. तर हा चार खेपा घालून, फॉर्म भरून, ते परत केरेमाळमध्ये घेऊन आला. दर वेळी यादी निघाली की पहिलं माझं नाव बघतो. का रे? जी बाई जात नाही, तिचं नाव कशाला जपतोस?

सुब्बराव : पाच पंधरा.

गोदावरीबाई : मी वेळ विचारली नाही.

ऋचा : काका, तुम्हाला बरं वाटत नाहीये का? पाणी आणू?

सुब्बराव : नको. तू... तू स्वल्प वर जातेस का, ऋचा?

गोदावरीबाई : ती कुठं जाणार नाही. बोल.

सुब्बराव : तुम्ही सांगितलं होतं.

गोदावरीबाई : काय सांगितलं होतं?

सुब्बराव : निरोप. तुम्ही विसरला नव्हता, वहिनी. मला सांगितला होता.

गोदावरीबाई : मला मतदानाला न्यायला हे बोलतोस? लाज नाही वाटत? मेलेल्या भावाचं नाव मध्ये घालून?

सुब्बराव : दादाची शपथ. ताराची शपथ. मी मागच्या दारानं आलो, हात धुतले नव्हते. तुम्ही चुलीपाशी. माझ्याकडे न बघता बोललात. ‘सुब्बा, ह्यांनी सांगितलंय, मंगळवार संपेपर्यंत भट्टी पेटवू नकोस. कुणाचं बोट रंगू देऊ नकोस. आणि दोन घास खाऊन जा, तोंड बघ कसं सुकलंय.’ उप्पिट्टु दिलंत पितळी ताटलीत. मी उभ्यानं खाल्लं. शब्द न् शब्द आठवतोय. रोज आठवतोय.

गोदावरीबाई : ताटली आठवते मला.

सुब्बराव : हौदु.

गोदावरीबाई : मग का पेटवलीस?

सुब्बराव : मला राग आला होता. काय सांगू आता, किती पोरकट राग! दादा फाटकात उभा राहून शंभर माणसांशी बोलत होता, गौडाच्या गड्याच्या खांद्यावर हात टाकत होता. आणि सख्ख्या भावाला बायकोकडून हुकूम. मला वाटलं, मी भाऊ की भट्टीवरचा गडी? वीस पावलं चालून मला सांगता येत नव्हतं? आणि त्या रथाच्या कापडाचा शब्द मी दिलेला. माझी पहिली ऑर्डर, बुधवारी द्यायची. म्हटलं, एवढं काय होतंय, ओट शिक्क्यानं द्यायचा असतो, बोटानं थोडाच? पेटवली.

ऋचा : आणि नंतर?

सुब्बराव : नंतर निकाल लागला. दादा अंगणात आला, इथंच. सगळी गल्ली जमलेली. म्हणाला, ‘सुब्बा, गोदानं सांगितलं नाही तुला?’ आणि माझी मान हलली. नाही म्हणून. मी तोंडानं काही बोललोसुद्धा नाही वहिनी, नुसती मान हलली. मी तुमच्याकडे बघितलं. वाटलं, तुम्ही आता उसळाल, म्हणाल खोटं बोलतोस मुडद्या. तुम्ही उलट कपाळाला हात लावलात आणि म्हणालात, ‘अय्यो, विसरले की काय मी!’

गोदावरीबाई : म्हणाले होते.

सुब्बराव : तुम्ही तसं म्हणालात आणि मला सुटल्यासारखं वाटलं. मी हलकट माणूस आहे. म्हटलं, उद्या सांगू. दादा शांत झाला की सांगू. मग उद्या, परवा.

गोदावरीबाई : ते सोळा वर्षं समोर होते.

सुब्बराव : होते.

गोदावरीबाई : शेवटच्या आजारात तूच त्यांच्या उशाशी. मी दारात. पाणी हवं का तेसुद्धा तुला सांगायचे. तेव्हा तोंड नव्हतं तुला?

सुब्बराव : तेव्हा तर अजिबातच नव्हतं.

गोदावरीबाई : ह्या घरात आले तेव्हा तू सात वर्षांचा होतास. सासूबाई गेलेल्या. तुझ्या डोक्यातल्या उवा मी काढल्या. तुझं लग्न मी लावलं, तुझी बायको गेली तेव्हापासून दोन्ही वेळचं तू माझ्या ताटावर जेवतोस. काल रात्रीसुद्धा जेवलास. मीठ कमी आहे म्हणालास.

सुब्बराव : म्हणालो.

गोदावरीबाई : दुसरं काही म्हणायला जमलं नाही, मीठ तेवढं जमलं.

ऋचा : आजी, थांबा. मी पाणी आणते. काका, तुम्ही पण बसा, असे उभे नका राहू.

सुब्बराव : मारा मला वहिनी. शिव्या द्या. सुदीपला सांगा, रक्षिताला सांगा. गल्लीत ओरडून सांगा. मीच सांगतो हवं तर. पण आज ओट द्या. मी नाव जपलं ते ह्याच्यासाठी. म्हटलं, एक ना एक दिवस मला धाडस होईल, तेव्हा नाव तरी यादीत हवं.

गोदावरीबाई : गप्प बस. तुझ्या धाडसासाठी माझं नाव यादीत होतं का? ऋचा, वेळ काय झाली?

ऋचा : पाच बत्तीस.

गोदावरीबाई : माझी काठी कुठंय?

सुब्बराव : ही घ्या. द्या, हात द्या इकडं.

गोदावरीबाई : हात लावू नकोस मला. स्लिप तेवढी दे त्या पोरीकडं. आणि सुम्ने, गप इथं बस. कावळे हाकल.

ऋचा : सावकाश, आजी. पायरी आहे.

गोदावरीबाई : पायरी मला दिसते गं. अडतीस वर्षं मान खाली घालून तेवढीच बघत आले. चल लवकर. गाडी पळव.

(सहाला पाच मिनिटं कमी. शाळेच्या फाटकाबाहेर. सुब्बराव अंगणात थांबलेला नाही. अनवाणी चालत आला आहे.)

सुब्बराव : ऋचा! आत घेतलं का? रांग होती का? नाव मिळालं का यादीत?

ऋचा : सगळं झालं, काका. चारशे अकरा, खोली नंबर दोन. मी दारापर्यंतच गेले, आत त्या एकट्या गेल्या. खुर्ची नको म्हणाल्या. ह्या बघा, आल्याच.

गोदावरीबाई : संडिगे कोण बघतंय?

सुब्बराव : पद्मनाभला बसवून आलोय.

गोदावरीबाई : त्याला दिसत नाही.

सुब्बराव : कावळ्यांना ते माहीत नाही. वहिनी, आत... आत कुणी काही बोललं का?

गोदावरीबाई : एक लहानशी पोरगी होती टेबलाशी. माझं बोट धरलं, उलटंसुलटं करून बघितलं, नख बघितलं. ‘स्वच्छ आहे अज्जी’ म्हणाली. मी म्हटलं, हौदु गं, मलाही आजच कळलं.

ऋचा : आजी, रक्षिताला कळवू? तिचे तीन मिस्ड कॉल आहेत.

गोदावरीबाई : कळव. आजी येऊन गेली म्हणावं. कुणाला दिलं ते विचारू नको म्हणावं, त्या गौडाच्या आईनं सांगितलं नव्हतं, मीही सांगणार नाही. आणि सांग, संध्याकाळी निकालाची काळजी करत बसू नको, घरी ये. तिला एक जुनी गोष्ट सांगायचीय, भाषणात ती अर्धीच सांगते.

ऋचा : आज... आजच सांगणार?

गोदावरीबाई : मी नाही. हा सांगेल. सांगशील ना?

सुब्बराव : सांगेन. सुदीपलाही बोलावतो. पद्मनाभलाही. त्या एकोणिसांतले तिघं आहेत अजून.

गोदावरीबाई : तिघांनाही बोलाव. तुझ्या पायांना चपला नाहीत, डांबर तापलंय. गाडीत बस मागं.

सुब्बराव : नको. मी चालत येतो.

गोदावरीबाई : बरं. सुब्बा, तू रंगारी. मला सांग, ही शाई किती दिवस राहते?

सुब्बराव : कातडीवरची दोन-तीन आठवड्यांत जाईल. नखातली जात नाही. नख वाढून पुढं सरकतं, मग कापलं की जाते. तीन-चार महिने धरा.

गोदावरीबाई : तोवर माझ्या ताटावर येऊ नकोस.

ऋचा : आजी, अहो, ते कुठे जेवणार? त्यांना साधा भात लावता येत नाही.

सुब्बराव : राहू दे ऋचा. बरोबर आहे ते. शिकेन मी भात.

गोदावरीबाई : आणि लिंबू, चिंच, ब्लीचिंग काही आणून देऊ नकोस मला. आपोआप जाऊ दे.

सुब्बराव : नाही आणणार. आणि वहिनी... गेल्यावर?

गोदावरीबाई : गेल्यावर निरोप पाठवीन.